एक मीटर पाण्यात किती एकर ऊस बसतो?

आटपाडी तालुक्यातल्या एका उपसरपंचांचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "गावाची हद्द साधारण एक हजार हेक्टर, वस्ती अडीच हजारांची. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी गावाच्या एका कडेला येतं, बाकी सगळं विहिरी आणि बोअरवर. महावेध या हवामान केंद्रांच्या जाळ्याचा पाऊस, भूजल यंत्रणेचा अहवाल, सॅटेलाइटचे नकाशे, सगळं आता मोबाइलवर दिसतं. पण ग्रामसभेत नवीन बोअर, ऊस किंवा बंधाऱ्याची जागा असा विषय निघाला की आवाज चढतात आणि आकडे तसेच राहतात. ही माहिती निर्णयाला जोडायची कशी?"

भूजलाच्या कामात माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात माझी बरीच वर्षं गेली, त्या जोरावर उत्तर देतो. उत्तर लांब होईल, कारण मधलं गणित गाळलं तर बाकीच्याला अर्थ राहत नाही.

सुरुवात नकाशांपासून करू नका, ठरावापासून करा. यंदाच्या ग्रामसभेत नेमके कोणते ठराव हवेत, ते वहीवर लिहून काढा. तुमच्या पत्रातून मला तीन दिसतात. विहिरी-बोअरच्या पाण्यावर बारमाही पीक किती एकरापर्यंत घ्यायचं, नवीन बोअरला गावाने हो म्हणायचं की नाही, आणि पुढचा बंधारा किंवा नालाबांध कुठे घालायचा. तिन्हींना लागणारी माहिती वेगवेगळी आहे. पहिल्याला पाण्याचा साठा आणि उपसा कळायला हवा, दुसऱ्याला खडक, तिसऱ्याला ओढ्याची कड आणि खालच्या गावाचा हक्क. सगळी माहिती एका सादरीकरणात कोंबली की लोकांना फक्त रंगीत चित्रं दिसतात आणि ज्याला ठराव नको आहे त्याला फाटे फोडायला जागा मिळते.

पहिल्या ठरावावर मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, बाकीचे दोन त्याच्यावरच उभे राहतात.

एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होतं. हे कुठल्याही शाळकरी मुलाला फळ्यावर करून दाखवता येतं. आटपाडीत वर्षाचा पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटरचा. चारशे धरला तर तुमच्या हजार हेक्टरवर ४०० कोटी लिटर पाणी पडतं. आकडा मोठा वाटतो आणि लोक तिथेच खूश होतात. पण यातलं बहुतेक पाणी मातीत ओल म्हणून राहतं, पिकं आणि गवत पितात, ऊन वाफ करून नेतं, काही ओढ्याने माणगंगेला जातं. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात खाली मुरून विहिरीला लागणारं पाणी ढोबळमानाने दहावा हिस्सा धरा. म्हणजे ४० कोटी लिटर.

आता हेच विहिरीच्या बाजूने तपासू. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या कातळात, पाणी राहतं ते मुरमात, फटींत आणि पोकळ्यांच्या थरात. खडकाच्या एकूण आकारमानापैकी उपसून हाती येईल असं पाणी १ ते ३ टक्के असतं. २ टक्के धरले, तर हजार हेक्टरखालची पाणीपातळी एक मीटरने वाढणं म्हणजे २० कोटी लिटर साठा. ४० कोटी मुरले तर पातळी सरासरी दोन मीटर वर यायला हवी. तुमच्या विहिरी मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत खरोखर किती वर आल्या ते मोजा आणि दोन्ही आकडे जवळपास येतात का बघा. आले तर हिशेबावर विश्वास ठेवायला आधार मिळतो. नाही आले तर कुठला अंदाज चुकला ते शोधायला लागतं. ही तपासणी केल्याशिवाय पाण्याच्या जमाखर्चाचा कुणाचाही ताळेबंद मी मान्य करत नाही, तो कुठल्याही कार्यालयातून आलेला असो.

आता ऊस. पाटपाण्याने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं, म्हणजे एकराला सुमारे ८० लाख लिटर. त्यावरून गावाची सगळी एक मीटर पातळी, ते २० कोटी लिटर, २५ एकर उसात संपतं. पाटाने दिलेल्या पाण्यातला काही भाग पुन्हा मुरतो हे खरं. तो चौथा हिस्सा धरला तरी आकडा तेहतीस-चौतीस एकरांपुढे जात नाही. ठिबक नीट चालवलं तर पाणी निम्म्याच्या आसपास येतं, मग ५० एकर. तेच २० कोटी लिटर रब्बी ज्वारीला दोन-तीन पाळ्या देऊन, हेक्टरी १५०० घनमीटर या हिशेबाने, १३० हेक्टरांना पुरतं. सव्वातीनशे एकर.

आणि पिण्याचं? जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या मापाने अडीच हजार माणसांना वर्षाला सुमारे ५ कोटी लिटर लागतं. पाव मीटर पातळी. अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी म्हणजे पाटाने भिजवलेला सहा एकर ऊस. ग्रामसभेत मी हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही तक्त्याआधी मांडतो. जनावरांचं पाणी वेगळं धरायला विसरू नका. मोठ्या जनावराला रोज ५० लिटर धरून गावातल्या दावणी मोजल्या की तोही आकडा निघतो, आणि दुधाच्या गावात तो लहान नसतो.

एकराला ८० लाख लिटर हा आकडा कुणी मानणार नाही, आणि मानूही नये. त्यासाठी त्याच शेतकऱ्याच्या मोटरीवर जा. दोनशे लिटरचा बॅरल पाइपाखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार. रोज आठ तास थ्री-फेज लाइट धरली तर एका एकराचे ८० लाख लिटर काढायला पंचावन्न दिवस मोटर सलग चालावी लागते. मग त्यालाच विचारा, वर्षात तुझ्या एकरभर उसाला मोटर किती दिवस चालते? उत्तर त्याच्या तोंडून येतं आणि तिथून पुढे चर्चेचा सूर बदलतो. ज्याला मान्य करायचं आहे त्याला आकडा स्वतःच्या साधनाने पडताळता आला पाहिजे. माझ्या अनुभवात गावातल्या निर्णयाचं सगळं वजन या एका गोष्टीवर असतं.

या गणितातला सगळ्यात कच्चा दुवा तो २ टक्के आहे. तुमच्या खडकात तो १ असेल किंवा ३ असेल. म्हणून तीनही आकड्यांनी ताळेबंद करा. एक मीटरला १० कोटी, २० कोटी, ३० कोटी. मग ठरावाचा मसुदा तिन्हींवर घासून बघा. "पिण्याच्या विहिरीभोवतीचं पाणी राखून ठेवायचं" हा ठराव तिन्ही आकड्यांवर टिकतो, तो लगेच करा. "विहिरीच्या पाण्यावर नवीन उसाची लागण नको" हाही बहुतेक गावांत टिकतो. "डाळिंबाखाली अजून ४० एकर चालतील" हा ३ टक्क्यांवर बसतो आणि १ टक्क्यावर कोसळतो, म्हणून तो यंदा थांबवा आणि पुढच्या ऑक्टोबरच्या मोजणीनंतर पुन्हा घ्या. आकडा पक्का नाही म्हणून निर्णय अडत नाही. कोणता निर्णय आकडा हलला तरी उभा राहतो, हे शोधायचं असतं.

पावसाच्या आकड्यांबद्दल थोडं. महावेधचं स्वयंचलित केंद्र महसूल मंडलात एक असतं, आणि आपल्याकडचा वळीव व परतीचा पाऊस एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात धूळ उडत असते. ग्रामपंचायतीत आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीवर असे दोन पर्जन्यमापक लावा, रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणजे तुलना जमते. सरासरीवर मात्र नियोजन करू नका. मागच्या पंचवीस-तीस वर्षांचे आकडे उतरत्या क्रमाने लावा आणि चारपैकी तीन वर्षं निदान एवढा तरी पडलाच असा आकडा काढा. २००३, २०१२, २०१८ ही सालं ज्यांनी जनावरांच्या छावणीत काढली त्यांना सरासरी ऐकवण्यात अर्थ नाही. आणि ताळेबंद ऑगस्टमध्ये उरकू नका. आपल्या पट्ट्यातला मोठा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात येतो. दसऱ्यानंतर, रब्बीची पेरणी पूर्ण होण्याआधी, ही त्याची वेळ.

विहिरी मोजायच्या कशा? गावात दहा-पंधरा विहिरी निवडा. माथ्यावरच्या, मधल्या, ओढ्याकाठच्या अशा पसरलेल्या असाव्यात, सगळ्या एकाच भावकीच्या नकोत. प्रत्येकीच्या काठावर रंगाने खूण करा आणि त्याच खुणेपासून वजन बांधलेल्या टेपने पाणी मोजा. दर अमावास्येला मोजलं तर तारीख कुणी विसरत नाही. वेळ पहाटेची, थ्री-फेज लाइट येण्याआधीची. रात्रपाळीची लाइट असलेल्या आठवड्यात मोटर बंद करून निदान काही तास थांबा. उपसा चालू असताना घेतलेलं माप विहिरीचं असतं, गावाच्या पाण्याचं नसतं. मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीच्या आकड्याच्या नादी लागू नका, त्यात कितीतरी मीटरची चूक असते. आपल्याला फरक हवा आहे, मागच्या महिन्यापेक्षा किती खाली गेलं एवढाच. बोअरची पातळी विहिरीच्या पातळीत मिसळून सरासरी काढू नका. दोन्ही वेगवेगळ्या थरांतलं पाणी सांगतात.

मोजणारी माणसं गावातली असू द्या. दहावी-बारावीच्या मुली हे काम फार चोख करतात. नोंद शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तेलरंगाने लिहा, कारण वही कपाटात गेली की ती सदस्यांची होते.

सॅटेलाइटचं काम यानंतर येतं आणि ते मर्यादित आहे, पण आहे ते फार उपयोगी आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांच्या आसपास नवीन येतात आणि त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे जवळपास एक गुंठा. चाळीस ठिपके, एक एकर. एप्रिलअखेरचं चित्र घ्या. त्या वेळी आपल्याकडे जिरायत रान उघडं असतं, म्हणून जे हिरवं दिसतं ते बहुतेक पाण्यावरचं. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गावची हद्द टाकून हिरवे ठिपके मोजले की बारमाही क्षेत्राचा अंदाज मिळतो, आणि तो ई-पीक पाहणीतल्या नोंदीशी ताडून बघता येतो. फरक पडला तर कुणाला खोटं पाडायला जाऊ नका, आधी रानात जाऊन या. ओढ्याकाठची वेडी बाभूळ हिरवीच दिसते. डाळिंबाची बाग ताणावर असेल, म्हणजे बहारासाठी पाणी तोडलेलं असेल, तर पानगळ झालेली असते आणि चित्रात ते रान पडीक दिसतं, म्हणून डाळिंबाच्या गावात एका तारखेच्या चित्रावर कधीही विसंबू नका. बहारानुसार दोन-तीन तारखा घ्या.

आता तुमचा दुसरा ठराव, बोअर. इथे खडक समजून घ्यायला पर्याय नाही. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. वरचा मुरूम आणि फुटलेला थर पावसाने दरवर्षी भरतो, विहिरींचं पाणी तेच. खाली घट्ट काळा पाषाण, मध्येच एखादी फट किंवा दोन थरांमधला सांधा. पाचशे-सातशे फुटांवर लागलेलं पाणी बहुतेक अशा सांध्यातलं असतं. ते भरायला वेळ लागतो, आणि उपसा सुरू झाला की पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच त्याचा जीव कळतो. दुसरं, बोअरला केसिंग पाइप फक्त वरच्या मुरमापुरता घातलेला असतो. त्याखालच्या फटी उघड्याच राहतात, आणि शेजारच्या विहिरीला लागणारं पाणी त्या भोकातून खाली उतरतं. खोल बोअर मारणाऱ्याला वाटतं त्याने नवीन पाणी शोधलं. बऱ्याचदा त्याने वरचंच पाणी खालच्या मजल्यावर नेलेलं असतं, आणि ते वर खेचायला वीज जास्त लागते.

पाणाड्याला बोलवायचं की विद्युतरोधकता सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखणं) करायचं, यावर गावात वाद घालू नका. सर्वेक्षणाने फटीची जागा शोधायला मदत होते, गावाच्या साठ्यात मात्र एक थेंब वाढत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे आणि अधिसूचित क्षेत्रात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. तुमचा पाणलोट कुठल्या गटात येतो ते आधी बघा. वार्षिक भरण्याच्या तुलनेत उपसा ७० टक्क्यांपर्यंत असेल तर सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. पण हा शेरा अख्ख्या पाणलोटाचा किंवा तालुक्याचा असतो. टेंभूचं पाणी आलेली गावं आणि न आलेली गावं त्यात एकत्र असतात. तुमच्या भिंतीवरच्या नोंदी म्हणूनच त्यापेक्षा जास्त बोलतील.

टेंभूबद्दल एक काळजी बोलून दाखवतो. ताळेबंदात आवर्तनाचं पाणी धरताना मंजूर कोटा धरू नका, गावच्या हद्दीत प्रत्यक्ष आलेलं पाणी धरा. चार दिवस आलं तर चार दिवसांचं. आणि ज्या काळ्या रानात ते येतंय तिथल्या विहिरींची पातळी जास्त वर तर येत नाही ना, पाणी खारट तर होत नाही ना, हे त्याच अमावास्येला बघा. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत चांगली रानं पाण्याने आणि मिठाने कशी नापीक झाली, ते तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलंय. पाण्यातले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर परवडणाऱ्या किमतीत मिळतो. दुष्काळी तालुक्यात पाणी आलं याचा आनंद मलाही आहे, त्यासाठी लोकांनी आयुष्यभर लढा दिला. म्हणून तर ते रान खराब होताना बघवणार नाही.

शेततळ्यांचं थोडक्यात. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी साठवणारं शेततळं आणि बोअर उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात भरलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी ते मे या काळात उघड्या पाण्यातून सुमारे एक मीटर वाफ होते. तळ्याच्या पृष्ठभागाच्या दर गुंठ्यामागे एक लाख लिटर गेलं. जमिनीखाली राहिलं असतं तर हे पाणी गेलं नसतं.

तिसरा ठराव, बंधाऱ्याची जागा. नकाशावर ओढ्याचं जाळं आणि उतार दिसतो, तेवढ्यावर माथा ते पायथा क्रम ठरवता येतो. पण पाणी मुरणार की नुसतं साठून वाळणार, ते ओढ्याची कड सांगते. पावसाळा संपल्यावर ओढ्यातून चालत जा. कडेला फुटलेला, पोकळ्यांचा खडक किंवा मुरूम उघडा दिसतो तिथे बांध मुरवायचं काम करतो. सलग काळा पाषाण असेल तिथे तो फक्त तळं होतो, जनावरांना उपयोगी, विहिरींना नाही. जवळच्या विहिरीच्या आतल्या भिंतीही बघा, थर तिथे उघडे असतात. खोलीकरणात गाळ काढणं योग्य. गाळाखालचा फुटका थर पोकलेनने कापत गेलं तर त्यात साठलेलं पाणी ओढ्यात झिरपून लवकर संपतं, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. आणि पाणलोट गावच्या शिवेवर थांबत नाही. वरच्या बाजूला सगळे ओढे अडवले तर खालच्या गावाचा तलाव भरत नाही. बंधाऱ्याच्या ठरावाला खालच्या गावचे दोन लोक बोलवा.

समान वाटपाचा विषय निघेलच, तो टाळू नका. शेजारच्या खानापूर तालुक्यात येरळेवरचं बळीराजा धरण बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात पुढाकार घेऊन बांधलं, आणि पाण्यावर भूमिहीनांसकट सगळ्यांचा हक्क धरला. विज्ञान तुम्हाला पाणी किती आहे ते सांगेल. ते कुणाला किती, हे ग्रामसभेलाच ठरवायचं आहे. हे दोन प्रश्न एकाच बैठकीत घेतले की वाटपाचा राग मोजणीवर निघतो. म्हणून ऑक्टोबरात दोन बैठका घ्या. पहिलीत फक्त आकडे मान्य करायचे, सह्या घ्यायच्या. आठवड्याने दुसरी, वाटपाची.

ठरावात एक कलम नक्की घाला. तीन खुणेच्या विहिरी ठरवा आणि त्यांची जानेवारीतली व मार्चमधली पातळी आधीच लिहून ठेवा. जानेवारीच्या अमावास्येला पाणी त्या खुणेच्या खाली असेल तर उन्हाळी पीक नाही. मार्चला दुसऱ्या खुणेखाली असेल तर पिण्याच्या विहिरीजवळच्या ठरलेल्या मोटरी बंद, आणि त्यांचं नुकसान गावाने वाटून घ्यायचं. नुकसानभरपाईची रीतही ऑक्टोबरातच लिहा. पाणी आटल्यावर लिहायला बसलात तर कुणीच सही करणार नाही.

शेवटी जुन्या नोंदी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते. राज्यभर तिच्या चार हजारांच्या आसपास निरीक्षण विहिरी आहेत आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं वर्षातून चार वेळा त्या मोजल्या जातात. सांगलीच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावे ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. गावाचं नाव लिहून पाणलोट क्रमांक, सर्वांत जवळची निरीक्षण विहीर आणि तिच्या सुरुवातीपासूनच्या सगळ्या नोंदी मागा. अटल भूजल योजनेत सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे होते. तुमची ग्रामपंचायत त्यात असेल तर गावचा जलसुरक्षा आराखडाही मागा, त्यात विहिरींची यादी तयार मिळेल. अर्ज आत्ताच द्या, म्हणजे ऑक्टोबरची पहिली मोजणी भिंतीवर चढवताना शेजारच्या रकान्यात जुने आकडे लिहिता येतील.